मेकॅनिकल घेतलंय तिनं

जुलै उजाडला की आमच्या मुलुंडमधल्या झेरॉक्सच्या दुकानांचं रूप पालटतं. एरवी तिथं आधार कार्डाची प्रत काढायला आलेलं एखाददुसरं माणूस असतं. आता आई, वडील, मूल आणि प्लास्टिकची फाइल अशी कुटुंबंच्या कुटुंबं उभी असतात. छत्र्यांचं पाणी एकमेकांच्या पायांवर गळत असतं. डोमिसाइल आहे, नॉन-क्रिमीलेअर आहे, फोटो आहेत, मग विसरलंय काय, असा भाव प्रत्येक आईच्या चेहऱ्यावर. कोपऱ्यावरच्या क्लासच्या फलकावर हसरी मुलं झळकतात. त्यांच्या नावाखालच्या पर्सेंटाइलमध्ये दशांशचिन्हापुढं इतके आकडे, की सराफाकडं सोनं तोलायला ठेवलंय की काय असं वाटावं.

मी घाटकोपरला एका विमा कंपनीच्या शाखेत काम करते. सकाळी स्टेशनकडं जाताना या गर्दीला वळसा घालून जावं लागतं, आणि दरवर्षी माझी पावलं आपोआप भरभर पडायला लागतात. आता माझ्या हातात फाइल नाही, घरात कुणाची परीक्षा नाही. पण शरीर विसरत नाही. आमच्या सानिकाच्या ॲडमिशनचा तो जुलै आणि त्याला लागून आलेला ऑगस्ट, त्या दिवसांत मी इतक्या वेळा हबकले की त्यातले काही धक्के अजून अंगातून गेलेले नाहीत.

पहिला धक्का बसला तो रविवारी सकाळी, घावणे खाताना. सानिकाचे मार्क आले होते आणि चांगले होते. कॉम्प्युटरला मुंबईतलं बरं कॉलेज मिळेल, एवढे. आम्ही मनात ते ठरवूनही टाकलं होतं. तिनं चटणीत बुडवलेला तुकडा तोंडात टाकला आणि म्हणाली, "मी मेकॅनिकल घेणारे."

"नाही," सुधीर म्हणाला.

आवाज चढवला नाही, ताटातून मान वर केली नाही. नुसतं नाही. आणि मी दचकले ती तिच्या बोलण्यानं नाही, त्याच्या. कारण माझा नवरा स्वतः मेकॅनिकल इंजिनिअर. देवगडकडचं कुटुंब, वडील गिरणीत. त्या घरातला हा पहिला इंजिनिअर. आमच्या लग्नाआधीपासून तो मरोळच्या एका कारखान्यात पॅकिंगची मशिन्स बनवत होता. वेफर्सचं पाकीट हातात घेतलं तरी हा आधी त्याची शिवण बघणार, कुठल्या मशिनवर बंद केलं असेल ते सांगणार, आणि मगच खाणार. कोकणात जाताना रसवंती दिसली की गाडी थांबायची. आम्ही रस प्यायचो आणि हा चरकाचे दाते बघत उभा राहायचा. असा माणूस आपल्या लेकीला म्हणतो, नाही?

"अरे, पण का?" हे मीच विचारलं. ती निवांत खात होती.

"का म्हणजे? माझ्याकडं पोरं येतात ना दरवर्षी. हुशार असतात गं. मन लावून शिकतात. वर्ष-दोन वर्षांत नोकरी सोडतात आणि फोनवरून क्रेडिट कार्डं विकायला लागतात. तिकडं जास्त मिळतात. कुणाला थांब म्हणायला माझं तोंडच होत नाही."

"किती देता तुम्ही त्यांना?" सानिकानं विचारलं.

त्यानं आकडा सांगितला. आमच्या शाखेत कंत्राटावर डेटा एंट्री करणाऱ्या मुलीचा पगार मला माहीत होता. त्यामुळे चार वर्षं शिकून इंजिनिअर झालेल्या मुलाचा तो आकडा ऐकून मी तव्यावरचं घावणं उलटायचं विसरले.

"कमी आहे," सानिका म्हणाली. थोडा विचार केला. "तरी मला मेकॅनिकलच घ्यायचंय." आणि तिनं आणखी एक घावणं मागितलं.

मग नातेवाइकांचे फोन सुरू झाले. पार्ल्याहून माझी वहिनी म्हणाली, "मेकॅनिकल घेतलंय तिनं? अगं, मार्क कमी पडले का?" एके काळी मेकॅनिकल मिळालं की पेढे वाटायचे. आता लोक आवाज खाली आणून चौकशी करायला लागले होते, जणू मुलीला कावीळ झालीय. मला राग यायचा. मी सगळ्यांना ठणकावून सांगत होते, तिला आवडतं ते ती करेल. आणि सुधीर बोटातली अंगठी फिरवत बसायचा.

शेवटी तोच म्हणाला, "ठीक आहे. आपण जाऊन बघू. काय घेतात आणि काय देतात."

पहिलं कॉलेज अंधेरीच्या पुढं. आत शिरल्यावर मला क्षणभर वाटलं, चुकून हॉटेलात आलो. चकचकीत फरशी, काचेची भिंत, भिंतीवरून पाणी वाहतंय. कोट घातलेली एक तरतरीत मुलगी समोर आली. "मॅम, कॉम्प्युटरमध्ये मॅनेजमेंटच्या अजून थोड्या सीट आहेत, आज ठरवलंत तर..."

"आम्हाला मेकॅनिकलचं विचारायचंय."

तिनं आधी माझ्याकडं पाहिलं, मग सानिकाकडं, मग समोरच्या स्क्रीनकडं. "मेकॅनिकल? शुअर ना?"

तिनं फी सांगितली. ट्यूशन, डेव्हलपमेंट, आणखी काय काय. मला बसायला खुर्ची होती म्हणून बरं. "आणि कॉम्प्युटरची?" सुधीरनं विचारलं. "सेम आहे सर," ती हसून म्हणाली. माझ्या डोक्यात आलं, दुकानात दोन साड्या आहेत. एकीवर झुंबड उडालीय, आणि दुसरीला कपाटात पडून पडून घडीचे डाग पडलेत. तरी भाव एकच?

"वर्कशॉप बघता येईल?" सुधीर म्हणाला. ही मागणी तिला नवीन असावी. तिनं फोन केला आणि विभागप्रमुख स्वतः आम्हाला न्यायला आले. पन्नाशी उलटलेले, अंगात स्वच्छ इस्त्रीचा शर्ट, चालताना थोडे वाकलेले.

वर्कशॉपच्या मधोमध काचेचं पार्टिशन होतं. त्याच्या एका बाजूला एसी चालू आणि कॉम्प्युटरच्या रांगा. दुसऱ्या बाजूला, भिंतीला टेकवून, लेथ मशिन्स. एकाला एक चिकटून, प्लास्टिकच्या कापडाखाली. आपण गावच्या घरी जाताना फर्निचर झाकून जातो ना, तशी. सुधीर सरळ तिकडं गेला, एक कापड उचललं आणि चकवर हात ठेवला. चक म्हणजे लोखंडाचा तुकडा पकडून गरगर फिरणारा भाग. त्यानं तो फिरवायचा प्रयत्न केला. मग दोन्ही हातांनी केला. हलला नाही.

"मुलं किती आहेत पहिल्या वर्षाला?" त्यानं विचारलं.

"एका बाकावर मावतील," विभागप्रमुख म्हणाले. मला वाटलं, थट्टा करताहेत. त्यांच्या चेहऱ्यावर थट्टा नव्हती. "दुसऱ्या वर्षाला डिप्लोमाची मुलं येतात, तेव्हा जरा वर्ग दिसतो. आधी आम्हाला दोन तुकड्या करायला लागायच्या. आता माझे निम्मे सहकारी तिकडं पायथन शिकवतात." त्यांनी काचेपलीकडं हात केला. मग सानिकाकडं पाहून हळूच म्हणाले, "बाळ, तुला खरंच हेच करायचं असेल, तर सरकारी कॉलेज बघ. लांबचं असलं तरी. मला इथं ॲडमिशन घ्या असं सांगायला बसवलंय, हे मला माहीत आहे."

बाहेर फुटपाथवर सुधीरनं छत्रीच उघडली नाही. भिजत उभा राहिला. "चक फिरत नव्हता गं," म्हणाला. रिक्षात बसल्यावर पुन्हा म्हणाला, "फिरतच नव्हता." कुणीतरी गेल्याची बातमी सांगावी, तसा त्याचा आवाज होता.

त्या आठवड्यात आम्ही आणखी एक कॉलेज पाहिलं. तिथल्या फलकावरून मेकॅनिकल हा शब्दच नाहीसा झाला होता. त्याच्या जागी रोबोटिक्स, ऑटोमेशन, एआय असं काहीतरी लांबलचक नाव लावलेलं. "आत मेकॅनिकलच आहे ना?" मी विचारलं. "आत तेच आहे मॅम, नाव नवीन आहे," ते गृहस्थ अभिमानानं म्हणाले. फीही नवीन होती.

मग आम्ही ठाण्याहून एसटी पकडली आणि घाटापलीकडच्या एका जिल्ह्याच्या गावी गेलो.

सरकारी कॉलेज. काळ्या दगडाची इमारत, भिंतींवर शेवाळ, व्हरांड्यात गळतीखाली ठेवलेल्या बादल्या. खिडकीतल्या कारकुनानं फी सांगितली तेव्हा सुधीरनं मान आत घालून विचारलं, "एका सेमिस्टरची का?" "वर्षाची," कारकून म्हणाला. "मुलींना त्यातही सवलत बसते, उत्पन्नाचा दाखला असेल तर." मुंबईतल्या दोन वर्षांच्या फीत इथली चारही वर्षं निघाली असती, राहण्या-जेवण्यासकट. इतकं स्वस्त म्हणजे यात काहीतरी खोट असणार, हाच माझा पहिला विचार. मुंबईत राहून आपल्याला ही सवयच लागते. महाग दिसलं की धडकी भरते, आणि स्वस्त दिसलं की संशय येतो.

पण वर्कशॉपच्या दाराशीच तेलाचा वास आला. मशिन्स जुनी, काहींचा रंग पार उडालेला, पण चालू. सुट्टी असूनही मुलांचा एक गट कुठल्याशा स्पर्धेसाठी गाडी बनवत होता. नुसता पाइपांचा सांगाडा, चार चाकं आणि अंगभर चिखल. एक मुलगी पाठ जमिनीला टेकवून त्या सांगाड्याखाली घुसली होती. बाहेर फक्त तिचे पाय दिसत होते. "पाना दे रे," आतून आवाज आला. पाना देणारं जवळ कुणी नव्हतं, म्हणून सानिकानं दिला. "हा नको, मोठा दे." सानिकानं मोठा दिला. मग ती तिथंच उकिडवी बसली आणि पुढचा तासभर आमची आठवण तिला झाली नाही.

सुधीर एका लेथपाशी उभा होता. चक फिरत होता. त्याच्या चेहऱ्यावरचं काहीतरी सैल झालेलं मला लांबूनही दिसलं, आणि मी समजले, याचा नकार गेला.

मग आम्ही मुलींचं वसतिगृह पाहिलं, आणि माझा होकार गेला.

एका खोलीत चौघी. न्हाणीघर व्हरांड्याच्या टोकाला, त्याच्या खिडकीत कबुतरांचा संसार. भिंतीला ओल. मेसमधल्या आमटीत मला डाळ शोधावी लागली. पोटच्या पोरीला इथं टाकायचं? ज्या पोरीनं आजवर स्वतःची चादरसुद्धा... मी परतीच्या एसटीत रडायलाच लागले. महिनाभर सगळ्या नातेवाइकांशी भांडलेली मी, आता म्हणत होते, "घेऊ दे कॉम्प्युटर. घरून जाईल, घरी येईल. फी भरू, काय व्हायचं ते होवो."

"अगं, तूच ना म्हणत होतीस?" सुधीर म्हणाला.

"मी म्हणत होते! मला काय माहीत होतं असं असेल?"

पुढच्या सीटवरून सानिका मागं वळली. "तुमच्यातलं नक्की कोण नाही म्हणणारे ते एकदा ठरवा ना यार. मला झोप आलीय." आणि खरंच खिडकीला डोकं टेकवून झोपली.

ऑनलाइन अर्जात कॉलेजांचे ऑप्शन भरताना ते घाटापलीकडचं कॉलेज सुधीरनंच पहिल्या क्रमांकावर टाकलं. मी स्वयंपाकघरात विनाकारण डबे पुसत होते. पहिल्याच राउंडमध्ये तिला ते मिळालं. ऑगस्ट संपता संपता तिची गादी, बादली आणि लाडवांचा डबा घेऊन आम्ही तिला सोडून आलो. घरात आल्यावर तिच्या खोलीतला पंखा चालूच राहिलेला दिसला. मी तो बंद केला नाही.

परवडणं हा शब्द आपण किती सहज वापरतो. भाजी परवडत नाही, रिक्षा परवडत नाही. मला वाटायचं, परवडतं म्हणजे आज खिशातून काढून देता येतं. त्या हिशेबानं मुंबईतलं कॉलेजही आम्हाला ओढूनताणून परवडलं असतं. शब्दाचा खरा अर्थ मला कळला सानिकाचं दुसरं वर्ष संपत असताना.

त्या दिवशी मला बरं नव्हतं म्हणून मी घरी होते. भर दुपारी बेल वाजली. दारात सुधीर. हातात डबा, तो तसाच भरलेला. मालकांनी सगळ्यांना चहाला बोलावलं होतं. मरोळची जागा विकली म्हणाले. तिथं काचेची इमारत होणार, आणि कारखाना जाणार गुजरातेत. येणाऱ्यांनी तिकडं यावं, बाकीच्यांचा हिशेब करून देऊ. सुधीर सोफ्यावर बसला. बूटही काढले नाहीत. "तिथल्या प्रत्येक मशिनचा आवाज मला ओळखू येतो," एवढंच म्हणाला. मी त्याच्या शेजारी बसले. पन्नाशीच्या माणसाला आता कोण घेणार? घराचे हप्ते, सासूबाईंची औषधं, सगळं डोळ्यांपुढून सरकत गेलं. आणि त्या सगळ्यात एक गोष्ट जागची हलली नाही. सानिकाचं शिक्षण. माझ्या एकटीच्या पगारात ते बसत होतं. तिला घरी बोलवावं लागणार नव्हतं, कर्ज काढावं लागणार नव्हतं. मला रडू आलं ते तेव्हा. त्या ओलीच्या भिंतींना आणि कबुतरांना मी मनातल्या मनात हात जोडले.

पुढचे काही महिने वाईट गेले. सुधीर अर्ज करायचा. उत्तरं यायची नाहीत. तो सकाळी दाढी करून तयार व्हायचा आणि गॅलरीत बसायचा. दिवाळीनंतर एकदा सानिकाचा फोन आला. आता त्या चिखलातल्या गाडीच्या गटात तीही होती. "बाबा, गिअरबॉक्सनं आमची वाट लावलीय. कुणालाच कळत नाहीये. तू दोन दिवस येऊन बघशील का?"

सुधीर दोन दिवसांसाठी गेला आणि परतला तीन आठवड्यांनी. कॉलेजच्या पाहुण्यांच्या खोलीत राहिला, मेसमध्ये जेवला. रोज फोनवर त्याच्या आवाजात थोडा जास्त जीव असायचा. परत आला तेव्हा नखांत ग्रीस होतं, आणि म्हणाला, "त्यांचे सर विचारताहेत, प्रॅक्टिकल घ्यायला याल का? तासिका तत्त्वावर." पहिलं मानधन हातात आलं तेव्हा हसावं की रडावं ते मला कळेना. सुधीरला मात्र कळलं होतं. आता तो सोमवारी जातो, गुरुवारी येतो. हल्ली ॲडमिशनच्या दिवसांत तिथल्या मदत कक्षातही बसतो. पालक त्याला मुंबईवाले सर म्हणतात.

"काय सांगतोस रे त्यांना?" मी मागच्या आठवड्यात विचारलं.

"पगार सांगतो. आधी पगार. मग वर्कशॉप दाखवतो."

"आणि मग?"

"बरेचसे निघून जातात."

सानिका यंदा इंजिनिअर झाली. पंप बनवणाऱ्या एका कारखान्यात लागलीय, नाशिकच्या बाजूला. तिच्या वर्गातली काही मुलं सॉफ्टवेअरमध्ये गेली. त्यांचा पगार तिच्या पगाराच्या जवळजवळ दुप्पट. तिला कंपनीनं डिझाइन विभागात टेबलाचं काम देऊ केलं होतं. हिनं मागून शॉप फ्लोअर घेतला, जिथं प्रत्यक्ष मशिन्स चालतात. तिनं पगार सांगितला तेव्हा मी पुन्हा एकदा हबकले. काळ पुढं गेला तरी हा आकडा का चालत नाही पुढं? चार वर्षांचा घाम, ते वसतिगृह, हातावरचा वेल्डिंगचा डाग, आणि हे? मी तिला तसं म्हटलंही. ती म्हणाली, "आई, मला माहीत होतं. तुम्हीच तर सांगितलं होतंत." तिच्या आवाजात तक्रार नव्हती. मला ती शोधूनही सापडली नाही, आणि त्याचंच मला जास्त नवल वाटलं. आपली मुलगी उघड्या डोळ्यांनी एखादी गोष्ट निवडते, आणि आपण मात्र चार वर्षं तिला काही कळत नाही असं धरून चालतो.

किंमत वसूल झाली का, हे मला अजूनही सांगता येत नाही. कुणी विचारलं तर मी फीचा आकडा सांगते. तो सांगायला सोपा आहे.

सोमवारी तिला रुजू व्हायचंय, म्हणून काल तिच्यासाठी सेफ्टी शूज आणायला गेलो. दुकानदार म्हणाला, "लेडीजमध्ये येत नाहीत मॅडम." पुरुषांचा सगळ्यात लहान जोड घेतला, आणि आत घालायला जाड मोजे. पाय सरावावेत म्हणून आज सकाळपासून ती ते घालून घरभर फिरत होती. धप्प, धप्प, धप्प.

अकराच्या सुमाराला बेल वाजली. खालच्या मजल्यावरच्या सावंतवहिनी, आणि त्यांच्या मागं मोबाइलमध्ये डोकं घातलेली त्यांची ईशा. यंदाच बारावी झालेली.

"अहो, कपाटं सरकवताय की काय? आमचा पंखा हलतोय," वहिनी म्हणाल्या. मग त्यांची नजर खाली गेली. "अगंबाई, हे काय घातलंयस?"

"सेफ्टी शूज काकू. पुढं आत लोखंड आहे. वरून काही पडलं तरी बोटं शाबूत."

ईशानं मोबाइलमधून डोकं वर काढलं. "जड आहेत?"

"उचलून बघ." सानिकानं एक बूट काढून पुढं केला.

तिनं उचलून पाहिला. उलटा करून तळ पाहिला. बोटानं पुढचा भाग टकटक वाजवला. "घालून बघू?"

सानिकानं दुसराही काढून दिला. ईशानं मोबाइल सोफ्यावर टाकला, बूट घातले, खाली वाकून नाड्या नीट बांधल्या आणि गॅलरीपर्यंत चालत गेली. धप्प, धप्प. वळली. परत आली. पहिल्यापेक्षा सावकाश, प्रत्येक पावलाचा आवाज ऐकत.

"ताई, तिकडं मुलींना मशिनवर घेतात?"

"मागितलं तर घेतात."

ईशा स्वतःच्या पायांकडं बघत उभी राहिली. मग म्हणाली, "आई, ऑप्शन बदलायला अजून वेळ आहे ना?"

सावंतवहिनींनी माझ्याकडं पाहिलं. मी त्यांच्यासाठी खुर्ची पुढं ओढली आणि पाणी आणायला आत गेले.